नवरीची पांढरी साडी

वडिवळ्यातल्या एका बौद्ध लग्नाचा व्हिडिओ मी केला होता. आठवड्याने नवरीची आई माझ्या तळेगावच्या स्टुडिओत आली आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाली, "लावा."

सिनेमासारखं दिसावं म्हणून दोन दिवस बसून मी कलर ग्रेडिंग केलं होतं. सावल्या निळसर, उजेड सोनेरी. मला वाटलं, कौतुक करायला आली असेल. तिने पडद्यावरच्या नवरीवर बोट ठेवलं.

"साडी कुठल्या रंगाची हाय?"

"पांढरीच, मावशी. जरा सोनेरी टोन दिलाय. हल्ली सगळ्यांना हाच लूक लागतो."

"मला इचारलं व्हतं?" तिचा आवाज चढला नाही, पण बोट काचेवरून हललं नाही. "आमच्यात लगीन पांढऱ्या साडीत लागतं. व्याह्यांना भरजरी शालू पायजे व्हता. मी चार दिस भांडले त्यांच्याशी. अन् तुमी हितं बसून पिवळी केली."

मलाही राग आला. तडकाफडकी सगळं ग्रेडिंग काढून मी मूळ चित्रण लावलं. कॅमेऱ्यातलं कच्चं चित्रण फिकंच असतं; साडी राखाडी दिसली.

"ही बी न्हाई," ती म्हणाली. मग स्वतःच्या पांढऱ्या साडीचा पदर तिने पडद्याशेजारी ताणून धरला. "हा पांढरा."

तासभर त्या पदराकडे बघत मी रंग जुळवला. हात अवघडला तरी तिने तो खाली घेतला नाही. जाताना ती हसलीही नाही.

तिच्यावरचा राग तेव्हाच ओसरला. स्वतःवरचा अजून आहे. इतकी वर्षं मी लोकांच्या लग्नांचे रंग त्यांना न विचारता बदलत होतो.