ज्याचं त्याला विचारणारे सर

देवरे सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती बोलाचालीनंच. जळगावात कॉलेजच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सरांनी हातानं लिहिलेल्या पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, प्रती सांगितल्या आणि निघाले. पानं लावता लावता मी वाचत होते. रस्त्यापर्यंत गेलेल्या सरांना मी हाक मारली.

"ओ सर! एका पानावर माणूस दुखतंय म्हणतो आणि पुढच्या पानावर तुम्ही त्याला खोटारडा ठरवता. मधलं पान घरी राहिलं का?"

सर परत आले. त्यांनी चष्मा लावून पानांचे आकडे पाहिले. ते बरोबर होते. पण पुन्हा वाचल्यावर ते तिथंच स्टुलावर बसले. पान राहिलं नव्हतं, लिहिताना एक पायरीच सुटली होती.

"तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. पण मधलं काहीतरी गेलं हे कळायला काय शिकावं लागतं?"

सरांनी गठ्ठा परत नेला आणि दोन दिवसांनी एक पान वाढवून आणला. तेव्हापासून आजपर्यंत त्यांची पानं माझ्याच मशीनमधून निघतात.

सरांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मन म्हणजे काय, एखादी वस्तू तीच आहे असं कधी म्हणायचं, बरं काय आणि वाईट काय, असले विषय. पुस्तकं सगळी इंग्रजी आणि समोर बसलेली मुलं पिंपळनेर-धरणगावकडची. म्हणून सरांनी मराठीत नोट्स लिहायला घेतल्या. मी बऱ्याच प्राध्यापकांच्या नोट्स काढते. काहींच्या वर्षानुवर्षं तशाच येतात, फक्त कडा फाटत जातात. सरांच्या दर वर्षी खाडाखोड होऊन येत. "एखाद्या मुलीला समजलं नाही तर मलाच नीट समजलेलं नाही," असं ते म्हणत. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत.

सर धुळे जिल्ह्यातले, माझं माहेर यावलकडचं, केळी पिकवणाऱ्या घरातलं. त्यामुळे एकदा त्यांची चूक मला सापडली. बदलत गेलेली वस्तू तीच राहते का, यावर त्यांनी उदाहरण लिहिलं होतं की केळ कापली तरी तेच झाड पुन्हा उभं राहतं.

मी म्हटलं, "सर, केळ कापली की संपली. शेजारचं पील वाढतं. त्यालाच आम्ही पिलबाग म्हणतो. ते झाड वेगळं."

"पण जमिनीखाली गड्डा एकच ना?"

"असेल. घड उतरवताना कोणी गड्ड्याला विचारत नाही."

दुसरा कोणी असता तर हसून निघून गेला असता. सर एका रविवारी माझ्या भावाच्या मळ्यात जाऊन पिलं बघून आले आणि त्यांनी ते पान नव्यानं लिहिलं. शेवटी तळाला ओळ होती, "ही चूक झेरॉक्सच्या दुकानात दुरुस्त झाली." मुलं मला महिनाभर चिडवत होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण सर काय माणूस आहेत ते तिच्यातूनच कळेल.

माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, धरणगावच्या. त्यांची आई वारली तेव्हा धाकट्या भावानं, आबांनी, वेळेवर निरोप धाडला नाही. अक्का पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरी येऊन त्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "आबाला या घरात पाऊल टाकू देऊ नको. मी असले तरी, नसले तरी. दे शब्द." मी दिला. पुढे आबा दोनदा दाराशी आले आणि दोन्ही वेळा मीच त्यांना माघारी लावलं.

नंतर अक्कांना विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग घर परकं वाटायला लागलं. बोलणं माहेरच्या अहिराणीवर गेलं. आणि रोज सकाळपासून एकच सुरू झालं, "मना आबा उना का वं? बठ्ठा उनात, मना आबाच नही." सगळे आले, माझा आबाच आला नाही, असं म्हणत दाराकडे बघून रडायच्या. जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत.

आमचे हे म्हणाले, "बोलव मामाला. ही आता ती अक्का राहिली नाही. शब्द कोणाला दिला होतास आणि पाळतेस कोणासाठी?"

मला ते पटेना. ती अक्का नाही, तर मी रोज आंघोळ कोणाला घालते? आणि ती अक्काच असेल, तर डोक्यावरचा हात मी कसा काढून घेऊ? बोलवावं तरी चूक, न बोलवावं तरी चूक. दिवस तर हातातून चालले होते.

सर दुकानात आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि सरळ भांडले. "तुम्हीच लिहिलंय की दिलेल्या शब्दातून फक्त ज्याला दिला तोच मोकळं करू शकतो. ते पान मी माझ्या हातानं काढलंय. आता सांगा, बोलवू का नको? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

सर स्टुलावर बसले.

"परीक्षेत मुलांना लिहायला लावता ना? मग सांगा!"

सर म्हणाले, "अक्कांना भेटता येईल?"

ते आले. खुर्ची आणली, पण ते अक्कांच्या कॉटजवळ खाली बसले. त्यांचीही बोली अहिराणीच. आधी पाऊसपाणी, मग धरणगावचा बाजार, अशा गप्पा झाल्या. मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "अक्का, आबासंगे तुमनं भांडन व्हतं ना?"

इतके महिने आम्ही घरात हा विषय अक्कांसमोर काढलाच नव्हता. त्या विसरल्या असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

अक्कांनी सरांकडे बघितलं. "व्हतं. मंग? भाऊ शे ना तो मना."

बाहेर आल्यावर मी सरांना अडवलं. "खरंच आठवलं त्यांना? का तुम्ही विचारलं म्हणून आपलं हो म्हणाल्या?"

"ते मला सांगता येणार नाही. पण विचारलं त्यांनाच आणि उत्तरही त्यांनीच दिलं. आपण दोघं मात्र दुकानात उभं राहून त्यांच्याबद्दल वाद घालत होतो." मग खाली बघून म्हणाले, "ते पान मी चुकीचं नव्हतं लिहिलं. अपुरं लिहिलं होतं."

त्याच दिवशी मी धरणगावला फोन लावला. दुसऱ्या सकाळी आबा आले. दारातच थांबले. दोनदा माघारी लावलेला माणूस, आत यायची हिंमत होईना. अक्कांनी कॉटवरून बघितलं आणि जेवलास का म्हणून विचारलं, "जेवना का रे?" दोघांना मी एकाच ताटात वाढलं. अक्का पुढे अकरा दिवस होत्या आणि ते अकरा दिवस जेवल्या. मी शब्द मोडला की पाळला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. सरही सांगत नाहीत. पण माझी झोप शाबूत आहे.

आता सरांना पंचाहत्तर वर्षं होताहेत. मागच्या महिन्यात ते एक कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, माझं डोकं चालेनासं झालं तर नळ्या लावून ठेवू नये आणि हारतुऱ्यांसाठी कुठे नेऊन बसवू नये. तीन प्रती हव्या होत्या.

मी वाचलं आणि म्हटलं, "प्रती देते. पण तशी वेळ आलीच तर मी येऊन तुम्हालाच पुन्हा विचारीन."

"आणि मी भलतंच काही बोललो तर?"

"ऐकून घेईन."

सरांनी कागद पुन्हा वाचला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "तरीही एकदा मला विचारावे." मग मी प्रती काढल्या.

देवरे सरांना भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो, डोकं असंच चालत राहो. त्या कागदाची गरज कधी पडू नये. पडलीच, तर मी येऊन जवळ बसेन आणि विचारीन. उत्तर त्यांनी सावकाश द्यावं. त्या दिवशी मी घाई करणार नाही.