काळ्या झबल्याआडचा श्वास

गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी धारला, माझ्या सासरी, आमच्या ओजूचं बोरन्हाण होतं. वय दहा महिने. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट... आणि चेहरा असा, की सगळ्यांवर मेहेरबानी करतोय.

आम्ही देवासला राहतो, दोघंही नोकरीवाले. त्यामुळे हौस सगळी नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. झबलं काळंच हवं, हा आग्रह त्यांचा. बोरंसुद्धा जवळच्या तिरला गावच्या आठवडी हाटातून त्यांनीच निवडून आणली होती... बारकी, बाळाला लागू नयेत म्हणून.

बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतले, पोरं वेचायला तुटून पडली आणि त्या गडबडीत आमच्या ओजूसाहेबांनी एक बोर तोंडात टाकलं. एकदम आवाज बंद. तोंड उघडं, ओठ निळे, हवा ओढायला जिवाचा आटापिटा... मी नुसती किंचाळले.

नानांनी त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि पाठीत जोरात थापा मारल्या. बोर टपकन बाहेर पडलं. ओजूनं भोकाड पसरलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, चक्क टाळ्या! शेजारचे काका ओरडले, "वाह भिया, कमाल कर दी!"

मग जेवणं झाली, फोटो झाले. ओजू माझ्या मांडीवर मलूल पडला होता, मधूनच खोकत होता. दमलाय, झोपू दे, असं सगळेच म्हणाले.

हलवा टोचेल म्हणून दागिने काढले, झबलं काढलं... आणि तेव्हा दिसलं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. काळ्या झबल्यात इतका वेळ काही दिसलंच नव्हतं.

दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर नाना दुखावले. "अगं सूनबाई, बोर मी काढलं ना? अब क्या रह गया?" नवराही म्हणाला, जरा थांबू. भरल्या घरात नानांचा पाणउतारा मलाही करायचा नव्हता... पण मी बाळ तसंच उघडं त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग गाडीची किल्ली घेतली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "गला तो खुल गया, पर फेफड़ों में पानी आ गया है. घर पे सुला देते तो मुश्किल हो जाती." गळा बंद असताना बाळ इतक्या जोरानं हवा ओढतं, की त्या ओढीनंच फुप्फुसात पाणी उतरू शकतं म्हणे. आणि ते कधीकधी अडकलेलं निघाल्यावर, थोड्या वेळानं कळतं.

दोन-तीन दिवसांत ओजू बरा झाला. मला मात्र त्या टाळ्या अजून छळतात. आम्ही जिंकलो म्हणून खूश होतो आणि त्या एवढ्याशा जिवाची झुंज चालूच होती... जगायला जी धडपड केली, तीच त्याला बाधली होती.

त्या दिवशी नानांनी त्याला एकदा वाचवलं, हे मी कधीच विसरणार नाही. त्यांच्याशी त्यावर बोलणं मात्र झालं नाही. ते विषयच टाळायचे.

परवा त्यांचा फोन आला. यंदा बोरं नकोत, गुलाबाच्या पाकळ्या आणतो म्हणाले.

"आणि सूनबाई, त्याला काळं नको घालूस. पांढरा सदरा शिव. पुढून उघडणारा."