साडभाऊंच्या पेट्या

जगात पत्र्याच्या जुन्या पेट्या शिल्लक आहेत तोवर माझ्या साडभाऊंना देवाकडे दुसरं काही मागायचं नाही, आणि देवानंही त्यांना दुसरं काही द्यायच्या फंदात पडू नये. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आर्णीला राहतात. गावाबाहेर कपाशी आणि तूर, गावात बैठं घर, मागं कडुनिंबाचं परस, आणि घरभर पेट्या. आमच्याकडे पूर्वी लग्नात मुलीला पेटी द्यायची रीत होती. दर्शनी बाजूला तिचं सासरचं नाव ऑइलपेंटनं रंगवलेलं असायचं. पुढं घरोघरी लोखंडी कपाटं आली, बायांच्या पेट्या अंगणात पडल्या, कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. साडभाऊ सायकलवरून जाताना अशी पेटी दिसली, की घरच्यांनी विचारायच्या आत हे आत शिरून कोंबडीला उठवत.

पेटी घरी आली, की आधी तिला परसात निंबाखाली ठेवायची. मग साडभाऊ उकिडवे बसून तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि कान लावत. पेटीलाच ठाऊक असतं आपल्याला काय व्हायचंय, असा त्यांचा सिद्धांत. "ही कूलर व्हतो म्हून राह्यली," ते गंभीरपणे सांगत. मीही एकदा हौसेनं टकटक केलं आणि म्हणालो, "मला तर काहीच ऐकू येत नाही बुवा. ही पेटी मुकी आहे, का माहेरी रुसून आलीय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुमचं तोंड बंद राहीन तवा ते बोलन ना जी!"

तर अशा ह्या बोलक्या पेट्या. दोन लांब पेट्या भिंतीशी लावून, वर घरच्या कापसाची गादी टाकून सोफा झाला होता. एकीचं झाकण कापून वॉशबेसिन झालं होतं. टीव्ही पेटीतच होता. बघायचा तेव्हा झाकण वर करून काठीचा टेकू द्यायचा. एका सामन्यात शेवटच्या चेंडूला मी आनंदानं उडी मारली, टेकू निसटला, झाकण पडलं, आणि आम्ही जिंकलो की हरलो ते शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून ओळखावं लागलं. कूलरची तर बातच और. पेटीला तिन्ही बाजूंनी जाळी, वाळ्याच्या ताट्या, आत मोटर. हवा अशी गार, की मे महिन्यात मी चादर मागितली आहे. फक्त सुरू केला की तो थरथरत पुढं सरके. दुपारी भिंतीशी लावून झोपावं, तर चारच्या चहाला तो स्वयंपाकघराच्या दारात हजर.

हे सगळं रंगवताना साडभाऊंचा एक नेम होता. पेटीवर बाईचं नाव असेल, तर तेवढ्यावर ब्रश फिरवायचा नाही. "पेटी आपली, नाव तिचं," असं म्हणत. त्यामुळं त्यांच्या सोफ्यावर 'सौ. कमलाबाई' आणि बेसिनवर 'सौ. गिरिजाबाई' अशी नावं होती. गल्लीतल्या कमलाबाई कधीमधी येत, आपल्या नावावर टेकून चहा पीत आणि उठताना पेटीला दोन थापट्या मारून जात.

मी हे सगळं यवतमाळला चारचौघांत रंगवून सांगायचो. लोक हसायचे. आमची ही मात्र हसायची नाही. पण बायको आपल्या विनोदांना हसत नाही ह्याला मी मराठी संसाराचा नियम समजलो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पल्लवीला पाहायला राळेगावचे पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं, मुलगा पोरीला फोटोत आवडलेला. साडभाऊंनी मला फोन केला, "तुमी या जी. मले चार मानसांत बोलता नाही येत. पोरीचं जमलं पाह्यजे बस." मी सकाळीच पोचलो. दारातून ते घर पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ते पाहुण्यांच्या डोळ्यांनी दिसलं. ज्या गोष्टींवर मी इतकी वर्षं लोकांना हसवलं, त्यावर आता राळेगाव हसणार, असं मला वाटलं. मी सूत्रं हाती घेतली. सगळ्या पेट्या मागं परसात, ताडपत्रीखाली! कूलरसुद्धा! शेजारच्या मास्तरांचा सोफा मागून आणायचं ठरलं. मास्तरांनी विचारलं, "काहून जी, त्यायच्याकडं तं बसाले हाय ना?" मी म्हणालो, "अहो, ते भंगार पाहून पाहुणे उंबऱ्यातूनच परततील." बोलून मागं वळलो, तर सोफ्याचं दुसरं टोक धरायला साडभाऊ येऊन उभे होते. "उचलू काय?" एवढंच म्हणाले.

पेट्याही त्यांनीच उचलल्या. मी फक्त हुकूम सोडत होतो. झाकणं खडखडतात म्हणून प्रत्येकीला कडी घालून कुलूप ठोकलं आणि एकीवर एक अशी सुंदर उतरंड लावली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि अंगानं दणकट, बोलण्यात मोकळी अशी आई. मी पावसापाण्यावर बोललो, तुरीच्या भावावर बोललो, आणि घाम पुसत तिसरा विषय शोधू लागलो, तरी आतून पोहे येईनात. ताई, म्हणजे हिची थोरली बहीण, दारातून मला खुणा करत होत्या. आत गेलो तेव्हा कळलं. त्या घरात डबा, फळी, कपाट असं काही नव्हतंच. पोहे 'गिरिजाबाईं'च्या खालच्या कप्प्यात, साखर टीव्हीच्या पेटीत, आणि पल्लवीची नेसायची साडी सोफ्यात. पल्लवी गाऊनवर बसून रडकुंडीला आलेली. "चाव्या कुठं आहेत?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "पेटीतच."

मी बाहेर येऊन चौथा विषय काढला. तेवढ्यात परसात धडाधड आवाज झाला. माझी सुंदर उतरंड कोसळली होती. "काय पडलं बाप्पा?" म्हणत मुलाच्या आई उठल्या त्या थेट मागच्या दारानं बाहेर, आणि त्यांच्यामागून मी. तिथं साडभाऊ घामानं निथळत, एका हातात हातोडी घेऊन स्वतःच बनवलेल्या सोफ्याचं कुलूप तोडत होते.

बाईंनी ताडपत्री बाजूला सारली. कूलर पाहिला, बेसिन पाहिलं, नावं वाचली. मग 'सौ. कमलाबाईं'वर बसून त्या म्हणाल्या, "माह्या पेटीत सासूनं कडबाकुट्टी भरली होती जी. हे इतकं सुंदर हाय, तं मांगं लपवून काहून ठेवलं?"

मी जमिनीकडे पाहू लागलो. आता साडभाऊ माझ्याकडे बोट दाखवतील, आणि दाखवायलाच हवं, असं मनात आलं. त्यांनी धोतरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "रंग ओला होता जी."

रंग वाळून किती पावसाळे गेले होते, हे त्या रंगाकडे पाहून कुणालाही कळलं असतं. बाईंनाही कळलं असावं. त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. पुढं सगळे निंबाखाली पेट्यांवरच बसले, पोहे झाले, साडी निघाली, पल्लवी पसंत पडली. मास्तरांच्या सोफ्यावर शेवटी मी एकटा बसलो होतो.

लग्न झालं. दिवाळीला आम्ही आर्णीला गेलो, तर बैठकीत नवाकोरा फोमचा सोफा. "बसा जी," साडभाऊ म्हणाले, "तुमाले तरास नोको." त्यात टोमणा असता तर मी सुखानं बसलो असतो. टोमणा नव्हता. मागं पेट्या ताडपत्रीखाली गप्प होत्या. ताई हळूच म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून एकही पेटी घरी आनली नाही त्यायनं." मी त्या फोमवर असा बसलो, की काट्यांवर बसणाऱ्यालाही माझी दया आली असती. आमची ही माझ्याकडे बघत नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास मी हिला विचारून हिची माळ्यावरची पेटी उतरवली. दर्शनी बाजूला हिचं नाव, रंग बराच उडालेला. एसटीच्या टपावर टाकून आर्णीला नेली आणि परसात निंबाखाली ठेवली. वाटेत मी तीन-चार विनोद जुळवून ठेवले होते. एकही आठवेना.

साडभाऊ बराच वेळ उभेच राहिले. मग हळूच उकिडवे बसले. पेर वाकवलं. टकटक केलं. कान लावला.

"काय म्हणते?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी तोंड बंद ठेवलं.