लॅबमधली सुरी आणि तात्यांचा पट्टा

नव्वदच्या दशकातला एक गुरुवार. उसाचा हंगाम ऐन भरात, बाहेर चांगली थंडी, आणि बारामतीच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी सकाळी दहालाच घामाघूम होऊन बसले होते...

टेबलावर मेणाचा एक ठोकळा होता. त्यात इंदापूरकडच्या रखमा नावाच्या बाईच्या मानेतल्या गाठीचा तुकडा बसवलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याचे केसाहून पातळ काप काढून, काचेवर घेऊन, रंगवून ठेवायचे. चार वाजता पुण्याचे डॉक्टर येणार आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार, कॅन्सर आहे की नाही. ते आठवड्यातून एकदाच यायचे.

काप काढायचं काम माझं. त्यासाठीच्या मशीनला वीतभर लांबीची जड पोलादी सुरी असते. आधी दगडावर धार लावायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ती धार गुळगुळीत करायची. लॅब टेक्निशियनच्या कोर्समध्ये मी पहिली आले होते आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता.

कापांची पहिली फीत निघाली ती उभी फाटलेलीच. मेणावर रेघा, तुकड्यावर रेघा... म्हणजे धारेला खाचा पडलेल्या. सुरी काढली, दगडावर घासली, पट्ट्यावर चांगली वीस वेळा फिरवली. पुन्हा काप घेतला तर रेघा आधीपेक्षा जास्त!

गेले काही आठवडे थोड्याफार रेघा येतच होत्या, आणि मी सुरीलाच शिव्या देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. दुसरी सुरी नेमकी धार लावायला पुण्याला पाठवलेली.

तिसऱ्या खेपेनंतर ठोकळ्याकडे बघितलं. डाळीतली निम्मी डाळ मी कापून कचऱ्यात घातली होती. उरलेली वाया गेली असती तर रखमाच्या मानेला पुन्हा चिरा द्यावा लागला असता, आणि तो माझ्यामुळे.

ती बाहेर बाकावरच बसली होती, मानेवरून पदर घट्ट ओढून. शेजारी तिची सासू, ठकूबाई. पहाटेच्या एसटीने दोघी आल्या होत्या. ठकूबाई दर अर्ध्या तासाने दार ढकलायच्या... "ताई, निगाला का वो निकाल? लेकरू अंगावर पितंय हिच्या, त्येला शेजारणीकडं ठिवून आलोय."

"चार वाजता म्हटलं ना!" मी खेकसले. आजही तो माझा आवाज आठवला की लाज वाटते. भीती माझी होती आणि राग त्या माउलीवर निघाला.

शेवटी सुरी पुसून पेटीत घातली, पट्टा उचलला आणि लॅबखालच्या सोपानतात्यांच्या केशकर्तनालयात शिरले. तेव्हा बाईमाणूस तिथे पाय ठेवत नसे. खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला फेस तसाच ठेवून आरशातून माझ्याकडे बघत राहिलं.

तात्यांनी सुरीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी पट्टा घेतला, डोळे मिटले आणि त्यावरून सावकाश तळहात फिरवला. मग हात माझ्यासमोर धरला... काळा!

"कुटं टांगतीस ह्यो?"

"खिडकीपाशी."

"आन कारखाना चालू हाय न्हवं? चिमणीची राख पडून दोरीवरची धोतरं काळी हुत्यात. तुजा पट्टा काय सोवळ्यात हाय व्हय?"

इतके दिवस मी त्या पट्ट्यावर धार लावत नव्हते, धार मोडत होते. पुस्तकात पट्टा होता, पण बारामतीची राख नव्हती.

त्यांचा स्वतःचा पट्टा भिंतीवर लोंबत होता. मी तो मागितला, तर मान हलवली. "ह्यो वस्तऱ्याचा. तुजं पातं जड. लोंबत्या पट्ट्याला झोळ पडतो, धार गोल हुईल." मग फळीवरून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला दुसरा काढला, लाकडी पट्टीवर ताठ चिकटवलेला.

"आदी हात फिरवायचा. खरखर लागली तर पुसायचं. पाठ पुढं, धार मागं. आन दाबू नगंस, घाईनं धार येत न्हाय."

वर येऊन खिडकी लावली. दगडावर खाचा काढण्यात तास गेला. मग तात्यांचा पट्टा... आधी तळहात, मग सुरी, पाठ पुढे, अगदी हलक्या हाताने. उरलेल्या तुकड्याला सुरी लागली तेव्हा मी श्वास रोखून बसले होते.

फीत निघाली. अखंड... एकही रेघ नाही. मी तिथेच रडले.

चारला डॉक्टर आले. काच सरकवत किती वेळ बघत होते कोण जाणे, माझा जीव टांगणीला. मग मान वर करून म्हणाले, "टीबीची गाठ आहे. कॅन्सर नाही. कापलंय मात्र छान हं."

सांगायला मीच बाहेर गेले. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, पण बरी होईल, म्हटलं. रखमा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ठकूबाईंना माझं बोलणं पटतच नव्हतं. "म्हंजी... पोर ऱ्हाती न्हवं आमची?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले. माझे! निम्मा तुकडा वाया घालवणारे. तेव्हा मी गप्प राहिले. आज पहिल्यांदाच हे कुणाला सांगतेय.

संध्याकाळी पट्टा परत करायला गेले. मी काय कापते, कशासाठी कापते, हे तात्यांनी सकाळी विचारलंच नव्हतं. आता एवढंच विचारलं, "माणूस वाचंल न्हवं?"

"हो तात्या."

त्यांनी पट्ट्यावरून तळहात फिरवला, फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवला. "मग ऱ्हाऊ दी तुज्याकडंच."

आता वापरून फेकायची पाती आली आहेत, पट्ट्याचं काम उरलेलं नाही. तो मात्र अजून माझ्या कपाटात आहे, त्याच लुगड्याच्या फडक्यात. कोर्समधली पहिली आलेली मी, पण धार लावायला मला तात्यांनी शिकवलं.