पाकोळीच्या अंगाची मोटार

संध्याकाळी लोहारा गावाच्या वेशीत पाकोळ्या शिरल्या की बलभीम सुताराचा रंधा आपसूक थांबायचा. शर्यतीच्या बैलगाड्या करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात कुणी धरत नव्हतं. त्याची गाडी पळायला लागली की चाक कुरकुरायचं नाही, गुणगुणायचं. पण लाकूड कितीही तासलं तरी गाडी ती गाडीच. तिची पाकोळी काही होत नाही, ही चुटपुट त्याच्या मनात किती वर्षं होती कोण जाणे.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली होती. देशमुखांच्या वसंतरावांनी हैद्राबादच्या कुणा नवाबाची शर्यतीची मोटार विकत आणली. दोनच माणसांची, वर टप नसलेली. इंजिन खणखणीत, पण पत्र्याची पार चाळण झालेली. तो गंजका पत्रा उतरवून त्यांनी मोटारीचा सांगाडा बलभीमाच्या दारात उभा केला.

"मामा, हिला नवं अंग पायजे. येळवशीपतोर नमुना दाखवा. पसंत पडला तर काम तुमचं, न्हाय तर मोटार सोलापूरला धाडतो."

बलभीम त्या दिवशी नीट जेवलाच नाही. सबंध जन्मात मोटार म्हणजे त्यानं फक्त एस.टी. पाहिलेली. पण डोळे मिटले की त्याला ती दिसायची. टोकदार चोच, पाठीवर उतरत गेलेला बाक, चाकांवर जरा मागं ओढलेले पंख. पाकोळी पाण्यावरून सूर मारते, अगदी तशी. त्यानं सांगाड्यावर बांबूच्या कामट्या वाकवल्या, सुतळीनं आवळल्या, वर गोणपाट ताणून खळ चोपडली.

"अवो, मोटार करायलाव का पाळणा बांधायलाव?" बायको अनसूया दारातून म्हणाली.

"पाळणाच म्हण. आतल्याला झोप यावी अन् बघणाऱ्याची उडावी."

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाच्या, आदल्या दिवशी वसंतराव आले. बरोबर त्यांचा डायव्हर गुरुसिद्धप्पा. वसंतराव मोटारीभोवती एक फेरी फिरले, दुसरी फिरले. मोटार त्यांच्या मनात भरली होती, हे बलभीमानं त्यांच्या डोळ्यांत वाचलं. तेवढ्यात चोचीपुढं उकिडवा बसलेला गुरुसिद्धप्पा खो खो हसू लागला.

"बलभीमा, हिचं तोंडच शिवलंस की रं!"

"धूळ येऊ न्हाय म्हणून. समद्याच गाड्या म्या फुडनं बंद करतो."

"अरं, कुणाच्या खुराची धूळ? हिच्याफुडं बैल कुठं हाईत? आत पाण्याची टाकी हाय, तिला वारा लागतो. असं तोंड मिटलं तर शेजारचं सास्तूर गाव यायच्या आत उकळी फुटंल."

वसंतरावांचा चेहरा उतरला. "मग सोलापूरच बरं. मामा, वाईट वाटून घेऊ नका."

माफी मागायची बलभीमाच्या जिभेला सवय नव्हती. तो तसाच गोठ्याकडं बघत राहिला. तिथं खुंटीला मुसकं लटकत होतं. मळणीच्या वेळी बैलानं धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधायची ती दोरीची जाळी. तो सावकाश उठला. पटाशीनं चोचीवरचं गोणपाट गोल कापलं आणि तिथं मुसकं ताणून बांधलं.

"दिवसभर खळ्यात फिरून बैलाचा श्वास ह्यातनं अडत न्हाय. हिचा कसा अडंल? तारंचं इणून देतो."

गुरुसिद्धप्पानं जाळीत बोटं घातली, मागं वाकून टाकीची जागा पाहिली, पुन्हा बोटं घातली. "न्हाय अडत," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

वसंतराव वेशीपर्यंत चालत गेले आणि तिथून वळून त्यांनी मोटार पाहिली. त्यांच्या डोक्यावरून पाकोळ्या सरसरत आत आल्या.

"मामा, उद्या येळवस हाय. परवा पत्रा मागवतो," ते तिथूनच ओरडले.

बलभीमानं पागोटं सारखं केलं. "मालक, मग येक डाव बसू का हिच्यात?"

मालक हसून हो म्हणाले. ते दोघं गेल्यावर तो कामट्यांच्या त्या मोटारीत बसला आणि त्यानं डोळे मिटले. कितीतरी वेळ झाला. भाकरी थापता थापता अनसूयेनं हाक दिली, "अवो, आलाव का?"

"थांब जरा," तो डोळे न उघडता म्हणाला, "आत्ता कुठं वेस ओलांडली."