रोहिणी कोणाच्या मागची

चंद्रकलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याला शालेय स्पर्धेच्या वय-पडताळणीच्या टेबलावर होते. समोर चौदा वर्षांखालच्या मुलींची रांग होती. प्रत्येकीच्या हातात टीसीची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाईड आणि आधार कार्ड. फोन त्यांच्या सुनेचा होता. ‘मॅडम, आई गेल्या,’ एवढंच ती म्हणाली. मी ‘येते’ म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला विचारलं, ‘तुझी धाकटी बहीण कितवीत आहे?’ हा प्रश्न मला चंद्रकलाबाईंनी शिकवला होता. मुलगी स्वतःचं वय पाठ करून आलेली असते, बहिणीची इयत्ता कोणी पाठ करून येत नाही. पूर्ण रांग संपवून मी आंधळगावची एसटी पकडली. आता सहा आठवडे झाले. तेव्हा रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. पण त्यानंतर काही दिवसांनी कळलेली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर थोड्याच दिवसांत मी आंधळगावच्या शाळेत क्रीडा शिक्षिका म्हणून रुजू झाले. मैदान म्हणून जे दाखवलं गेलं ती धान कापल्यानंतरची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं. बांधाचे धुरे फोडून, धसकटं काढून आम्ही तिथे बेसबॉल सुरू केला. गावाला खेळ नवा होता, पण पोरींचे हात लहानपणापासून चिंचा-बोरं पाडून तयार झालेले होते. तालुक्याच्या पहिल्याच स्पर्धेला नावं पाठवायची म्हणून मी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, तर अर्धा वर्ग एक जुलैला जन्मलेला. मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, आईबापाला तारीख ठाऊक नसते, मग गुरुजी पहिलीत बसेल अशी तारीख टाकतात. खरं वय हवं असेल तर अंगणवाडीत जा, चंद्रकलाबाईला विचारा.

चंद्रकलाबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होत्या. ठेंगण्या, आवाज मोठा, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. मी गेले तेव्हा वजनकाट्याच्या झोळीत एक बाळ टांगलेलं होतं आणि त्या त्याच्या आईला रागावत होत्या. मी यादी पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. ‘तारखा मले इचारू नका जी मॅडम. कोन कोनाच्या मागची, ते इचारा.’ आणि मग एकेका नावावर त्या सांगत गेल्या. ही वंदनाच्या मागची. ही दिवाळीनंतरच्या आपल्या मंडईच्या जत्रेदिवशी झाली, बाप दंडारीचा नाच पाहायला गेला होता. हिची माय आणि सुनीताची माय एकाच आठवड्यात बाळंत झाल्या, आधी सुनीता. त्यांच्या डोक्यात गावातली सगळी पोरं एका ओळीत उभी होती, जन्माला आली त्या क्रमानं. त्या ओळीत मध्येमध्ये दवाखान्यात जन्मलेली पोरं होती, त्यांच्या दाखल्यावर पक्की तारीख असे. त्यामुळे कोणाचंही वय दोन दाखल्यांच्या मध्ये धरता येई. एखाद्या आईनं पोरीचं वय कमी सांगायचा प्रयत्न केलाच तर बाई म्हणत, ‘तुह्या पोरीले मागं सरकवू, पन मग शेजारनीच्या पोरीले कुठं ठेवू? ते तं तुह्याच हळदीत नाचली असं होईन.’ सगळ्या बाया हसत आणि विषय संपत असे. मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी कोणाच्या मागची. मी म्हटलं, भावाच्या. ‘वाटतेच,’ त्या म्हणाल्या. ‘आवाजावरून.’

या ओळीला खेळापेक्षा मोठं काम होतं. एकदा गावातल्या एका नववीतल्या मुलीचं लग्न ठरलं. बापानं आणलेल्या कागदावर तिला अठरा पूर्ण झाली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. चंद्रकलाबाई पोलीस पाटलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, ही पोरगी कविताच्या मागची आहे आणि कविताचा दवाखान्याचा दाखला सोळाचा आहे. लग्न थांबलं. मुलीचा बाप महिनाभर अंगणवाडीसमोरून जाताना थुंकायचा. बाई खिचडी वाढत राहिल्या.

रोहिणी या गावची नव्हती. तिचा बाप चिखल्याच्या खाणीत ठेकेदाराकडे होता, आई खडी फोडायच्या कामावर. बाप आजारी पडला तेव्हा ते मामाच्या आधारानं आंधळगावात आले. तिचा जन्म आजोळी, मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा खेड्यात, नोंद कुठेच नाही. चंद्रकलाबाईंच्या ओळीत ती पिंकी आणि निकिता यांच्या मध्ये उभी होती, आणि शाळेनं तोच धागा धरून तारीख टाकली होती. माझ्याकडे ती सहावीत आली. डावखुरी, उंच, बोलायला कंजूष. चेंडू टाकायची तेव्हा पकडणारी पोरगी ग्लोव्ह काढून हात चोळायची. मी आजवर शेकड्यांनी मुली पाहिल्या, तसा हात पुन्हा पाहिला नाही.

सोळा वर्षांखालच्या मुलींचा भारतीय संघ परदेशात खेळायला जाणार होता, त्याच्या शिबिराच्या यादीत रोहिणीचं नाव आलं. तिच्या फाईलवर ‘वयाची पडताळणी केली’ असं लिहून मी सही केली. कागदावर ती साडेपंधरा वर्षांची होती. पण बाहेरच्या देशांचे नियम कडक असतात, नुसत्या शाळेच्या कागदावर त्यांचं भागत नाही. तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, पंधरा ते सतरा, याहून नेमकं हाड सांगत नाही. मग समितीकडून निरोप आला की दोन माणसं गावात येऊन चौकशी करतील, लहानपणापासून ओळखणाऱ्यांना विचारतील. मला त्याचं काही वाटलं नाही. गावात चंद्रकलाबाई होत्या.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शाळेत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मॅडम, रोहिणी पिंकीच्या मागची नाई. म्या तिले मागं बसवली हाय. दीड वर्ष.’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. गावात आली तेव्हा रोहिणीला सहा पूर्ण झाली होती. खाणीवर ती दिवसभर भावाला सांभाळत एकटी बसायची, कोणाशी बोलायचीच नाही. आई म्हणाली, सहाची आहे, शाळेत घाला. बाईंनी पाहिलं, ही आज पहिलीत बसली तर उद्या पळून जाणार. ‘म्हटलं, एक वर्ष माह्याजवळ बसली तं बोलायले लागन. अंगनवाडीत सहाच्या वरचं लेकरू घेता येत नाई, म्हनून साडेचारची लिवली. ओळीत तेवढी एकच जागा म्या खोटी भरली. ते अशी आडवी येईन, मले काय मालूम.’

म्हणजे रोहिणी सतरा वर्षांची होती. आणि माझी सही तिच्या फाईलवर होती. घंटा होईपर्यंत मी खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिले. मग जे म्हटलं ते शब्द न बदलता लिहिते. ‘बाई, उद्या तुम्ही गावात नसलात तर बरं. भंडाऱ्याला मीटिंग आहे म्हणा. मी त्यांना पिंकीच्या आईकडे विचारायला सांगते.’

त्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘ज्या पोरीचं लगन म्या मोडलं, तिचा बाप इथंच हाय, मॅडम. उद्या त्याले समजलं तं तो मले इचारन... रोहिणीले मागं बसवता आली, मंग माह्या पोरीले पुढं काहून नाई बसवली? आन् पुढच्या लगनाले माह्या तोंडावर कोन इश्वास ठेवन?’

मी म्हटलं, रोहिणीचं आयुष्य आहे. त्या म्हणाल्या, तेच म्हणते. आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दोन गृहस्थांसमोर अंगणवाडीच्या पायरीवर बसून, जमलेल्या गावादेखत त्यांनी सगळं सांगितलं. एकानं विचारलं, मुलीचं वय कमी दाखवण्यामागे उद्देश काय होता? ‘तिले बोलता येत नव्हतं,’ बाई म्हणाल्या. त्यानं तेही लिहून घेतलं. रोहिणी चार हातांवर उभी होती, सगळं ऐकत. पुढचे आठ दिवस मी पोस्टमनची सायकल दिसली की वर्ग सोडून दारात यायची. माझ्यावर काय कारवाई होते याची धास्ती होतीच, आणि तरी कुठेतरी एक मूर्ख आशाही होती. पत्र आलं. नाव वगळलं होतं. मला यापुढे काळजी घेण्याची समज दिली होती. बाईंकडूनही खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दिला. नोकरी राहिली.

रोहिणी महिनाभर मैदानावर आली नाही. मी अंगणवाडीची वाट सोडली, दुरून फिरून शाळेत जायची. दोन वर्षं मी चंद्रकलाबाईंशी बोलले नाही. मग एका स्पर्धेच्या वेळी बाई स्वतःच यादी मागायला आल्या, जणू काल भेटलो होतो. मीही दिली. त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा त्यांना धाप लागत होती, तरी सलाईन लावणाऱ्या नर्सकडे पाहून मला डोळ्यानं खुणावलं आणि म्हणाल्या, ‘शेंडेफळ हाय. पाहा, कशी घाई करते...’

रोहिणी मात्र महिन्यानंतर परत आली होती. एका सकाळी ग्लोव्ह घेऊन उभी. मी कारण विचारलं नाही, तिचा स्वभाव म्हणून सोडून दिलं. पुढे ती खुल्या गटातून खेळली, शिकली, आता मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. वय-पडताळणीच्या टेबलावर ती माझ्याहून कडक आहे. गेल्या वर्षी तिनं माझ्याच शाळेच्या दोन मुली परत पाठवल्या आणि वर मला म्हणाली, ‘रागावू नका.’

चंद्रकलाबाईंच्या जलदान विधीच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर आम्ही दोघी विहाराच्या ओट्यावर जेवायला शेजारी बसलो. तेव्हा रोहिणीनं आपण होऊन सांगितलं. पत्र आल्यावर काही दिवसांनी बाईंनी तिला घरी बोलावलं होतं. ‘मी जाणार नव्हते. गेले ते भांडायलाच. तर बाई म्हणाल्या, माह्या मनात तं गप बसायचं होतं, तुह्या मॅडमनंच मले आदल्या दिवशी सांगतलं की खरं बोला. पोरीचं नुकसान झालं तरी खरं बोला. म्हणून परत आले मी मॅडम. तुमच्याकडेच शिकायचं ठरवलं.’

माझ्या पानात भात तसाच होता. मी मान हलवली. हो असं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

ज्या बाईनं आपल्या शब्दाला धक्का लागू नये म्हणून सगळ्या गावासमोर चूक कबूल केली, तिनं माझ्यासाठी त्याच महिन्यात हे खोटं सांगितलं. का, ते मला बरोबर माहीत आहे. पोरीला मैदानावर परत आणायचं तर तिथे विश्वास ठेवण्यासारखं कोणीतरी असायला हवं होतं. रोहिणीला दीड वर्ष मागं बसवलं, तसं मला त्यांनी मी नव्हते तिथे नेऊन बसवलं. आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. मी दोन वर्षं अबोला धरला, तेव्हाही नाही.

तेव्हापासून मी ठरवते आहे की रोहिणीला भेटून सांगावं. दोनदा तिच्या शाळेपर्यंत गेले, फाटकातून तिला मुलांना आवाज देताना पाहिलं आणि परत फिरले. ती माझ्यावर जे उभं करून बसली आहे ते काढून घेतलं तर काय उरेल, मला माहीत नाही. ते तसंच ठेवलं तर मी रोज तिच्यासमोर खोटं वय सांगणाऱ्या पोरीसारखी उभी आहे. हा मजकूर मी तिला आधी वाचायला दिलेला नाही. दिला असता तर तिनं छापू नका म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं.

हा मजकूर रविवारच्या पेपरात छापून येईल; तिच्या गावात पेपर एसटीनं येतो, साधारण नऊला. नऊनंतर मी फोन घेऊन ओसरीवर बसणार आहे.