सांडशी

"कुत्रीचं करतात ना ऑपरेशन? तसंच समज."

भरल्या तोंडाने दादा म्हणाले. माझे थोरले दीर. पंचवटीत भाजीचे मोठे व्यापारी. घर त्यांचं, आम्ही वरच्या खोल्यांत. पोहेही मीच केलेले. रेवाची खुर्ची त्यांच्या गुडघ्याला लागून.

रेवा माझी लेक. जन्मताना गुदमरली, मेंदू दुखावला. बसवावं लागतं, भरवावं लागतं. बोलत नाही. त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा पाळी आली. एवढाच गुन्हा.

"पिशवीच काढून टाकायची. डॉक्टर ओळखीचे आहेत, सोमवारी या म्हणालेत. ना कटकट, ना घाण. आणि उद्या कुणी काही केलं, तर पोट तरी राहणार नाही."

कुणी काही केलं तर. म्हणजे करणारा मोकळा. कापायचं हिला.

आमचे हे फरशीकडे बघत बसले. "दादा म्हणतोय तर..." फरशी मीच पुसलेली, बघण्यासारखी होती खरी.

आणि मी? मी घराण्यातली बडबडी. लग्नकार्यात माझ्या गोष्टी ऐकायला बायका ताटावरून उठून येतात. पण दादांपुढे "अजून वाढू का?" याच्या पुढचं वाक्य कधी फुटलं नाही. त्या दिवशीही निघालं ते एवढंच, "तिला दुखेल हो."

दादा हसले. "हिला? अगं, हिला काय कळतंय?" आणि रेवाच्या मांडीला चिमटा घेतला. साधा नाही. पिळला. "बघ. आहे का काही?"

रेवाला आवाज उशिरा फुटतो. आधी अंग ताठ होतं. मग तोंड उघडतं. ती किंचाळली, तेव्हा दादांनी पुढचा घास घेतला होता.

माझ्या हातात सांडशी होती. चहाचं पातेलं नुकतंच उतरवलेलं. ती मी दादांच्या दंडाला लावली आणि दाबली. दोन्ही हातांनी. कणीक तिंबून आणि लेकीला उचलून मनगटात एवढं बळ साठलंय, हे मलाच ठाऊक नव्हतं. बशी फुटली. पोहे मिशीत.

"कळतं का?" मी विचारलं.

"सोड! सोड, बाई!"

"कळतं का, दादा?"

"कळतं! कळतं!"

"तिलाही."

मग सोडलं. रक्त आलं होतं. यांनी माझा हात धरला. "माफी माग." सांडशी अजून उघडीच होती. यांनी हात सोडला.

दादांनी घर रिकामं करायला सांगितलंय. करू. माझी कंबर गेलीय, गुडघे कुरकुरतात, तिचे कपडे बदलताना कधी रडूही येतं. खोटं कशाला बोलू? पण माझी कंबर दुखते म्हणून तिचं पोट कापायचं नाही. सोमवार आला आणि गेला. असे कितीही येऊ देत, माझी सही मिळणार नाही.

सांडशी आता रेवाच्या खुर्चीला अडकवलेली असते. चहा मी फडक्याने उतरवते.